'टेक' म्हणजे घेणे, तर मग परीक्षा कोण घेते?

प्रश्न (अमळनेर)
नमस्कार. मी आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. 'मी परीक्षा दिली' याचे इंग्रजी एका विद्यार्थिनीने 'आय गेव्ह द एक्झाम' असे लिहिले. मी 'गेव्ह' खोडून 'टुक' केले, तेव्हा तिने विचारले, "मॅडम, परीक्षा तर सर घेतात ना?" तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. हे क्रियापद मुलांना कसे समजावून सांगावे?

उत्तर (धुळे)
ताई, मुलीची शंका रास्त आहे. मराठीत विद्यार्थ्याला पारखणारा परीक्षा घेतो आणि पारखला जाणारा ती देतो; इंग्रजीत मात्र शिक्षक चाचणी पुढ्यात ठेवतात म्हणून 'गिव्ह' त्यांच्या वाट्याला येते, आणि जो विद्यार्थी ती अंगावर घेतो त्याच्यासाठी 'टेक' वापरतात. आपल्या देशात 'गिव्ह द एक्झाम' सर्रास बोलले जाते आणि ते सर्वांना समजतेही, तरी उत्तरपत्रिकेत 'टेक'च लिहायला सांगावे.

याहून अधिक मुले अडतात ती 'लागणे' या अर्थापाशी. 'जळगावहून भुसावळला रेल्वेने जायला अर्धा तास लागतो' या वाक्यात 'लागतो'चा कर्ता 'अर्धा तास' आहे, पण इंग्रजीत आरंभी 'इट' हा नाममात्र कर्ता बसवून 'इट टेक्स हाफ ॲन अवर' म्हणावे लागते. ही रचना नियम सांगून नव्हे, तर रोजच्या प्रवासाची वाक्ये करवून घेतल्यानेच रुळते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (शिरपूर)
'टेक' आणि 'ब्रिंग' यांतला फरक शिकवताना मी अहिराणीचा आधार घेतो. आपल्या बोलीत 'लई ये' (घेऊन ये) आणि 'लई जा' (घेऊन जा) असे म्हणतात. बोलणाऱ्याकडे वस्तू येते ते 'ब्रिंग', त्याच्यापासून दूर जाते ते 'टेक', एवढे सांगितले की घरी अहिराणी बोलणारी मुले क्वचितच चुकतात. वर्गात बोलीला कमी लेखू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ती
दोघांचीही आभारी आहे. 'शी टेक्स आफ्टर हर मदर' याचे मराठी काय करावे?

उत्तर (धुळे)
'ती आईच्या वळणावर गेली आहे.' इथे 'घेणे' शोधूच नये.