मदत हवी आहे: पुनर्बांधणीतल्या संघाची प्रगती कशी मोजावी?

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाबद्दल विचारतोय. २०२३-२४ मध्ये ३ विजय, २९ पराभव; बिग ईस्ट या कॉलेज संघांच्या गटाच्या साखळीत वीसच्या वीस सामने हरले. ख्रिस होल्टमन प्रशिक्षक झाल्यावर पुढच्या मोसमात १४-२०, पण साखळीत चारच विजय. चाहते लगेच लुईव्हिल विद्यापीठाच्या संघाकडे बोट दाखवतात: तिथे प्रशिक्षक पॅट केल्सींनी ८-२४ चं एका वर्षात २७-८ केलं. ही तुलना मला अन्यायाची वाटते. ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूंना कॉलेज बदलू देणारी व्यवस्था) एका उन्हाळ्यात संघ उभा राहतो हे खरं, पण त्याच दाराने चांगला खेळाडू निघूनही जातो.

म्हणून विजयांऐवजी दर १०० पझेशनमागचा (पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी) गुणफरक काढतोय, तोही फक्त साखळी सामन्यांचा. नोव्हेंबर-डिसेंबरमधले दुबळे प्रतिस्पर्धी आकडा फुगवतात. पझेशन = फील्ड गोलचे (चालू खेळातल्या बास्केटचे) प्रयत्न − आक्रमणातले रिबाउंड (आपलाच हुकलेला चेंडू परत मिळवणं) + टर्नओव्हर (प्रयत्नाआधीच चेंडू गमावणं) + ०.४७५ × फ्री थ्रोचे (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचे) प्रयत्न.

अडचण शेवटच्या मिनिटांची. पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करत राहतो, समोरचा फ्री थ्रो टाकत राहतो, आणि ५ गुणांची चुरस ११ गुणांची हार दिसते. शेवटची २ मिनिटं सरसकट वगळावीत, की फाउल सुरू झाले तिथपासून? आणि २० सामन्यांत हा आकडा विश्वास ठेवण्याइतका स्थिरावतो का?