सव्वा कोटी त्रिकोणांच्या मेशवर टूलपाथ कसा काढावा?

प्रश्न (मकरपुरा, वडोदरा)
आमच्या लहान कारखान्यात तीन अक्षांचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र) आहे. दांडिया बाजार परिसरातील एका जुन्या वाड्यात तुळईखालचा सागवानी हस्त (तुळईला आधार देणारा ब्रॅकेट) कुजला असून, तिथल्याच दुसऱ्या शाबूत हस्ताचे स्कॅन करून तसाच नवा कोरून द्यायचा आहे. हस्त सुमारे ४०० मिमी लांब व २५० मिमी रुंद आहे आणि त्यावर केळफुलाची नक्षी आहे. स्कॅनची बायनरी एसटीएल फाइल, म्हणजे पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीने (मेशने) मांडणारी फाइल, ६४० एमबीची असल्याने फिनिशिंगचा टूलपाथ (शेवटच्या बारीक कोरणीत टूलने जायचा मार्ग) काढताना १६ जीबी मेमरी संपते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. त्रिकोण कमी केल्यास पाकळ्यांच्या कडा बोथट होतील, अशी आमच्या कारागिरांना भीती वाटते. मेमरी वाढवावी की फाइल हलकी करावी?

उत्तर १
बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात. म्हणजे आपल्याकडे सुमारे १ कोटी २८ लाख त्रिकोण आहेत. शेजारच्या त्रिकोणांचे सामाईक बिंदूही या स्वरूपात पुन्हा पुन्हा लिहिलेले असतात, आणि ते जुळवण्यातच कॅमची (टूलपाथ काढणाऱ्या प्रोग्रॅमची) बरीच मेमरी खर्ची पडते. त्यामुळे फाइल हलकी करणेच योग्य.

किती हलकी, हे टूलवरून ठरवावे. ६ मिमी बॉलनोजची (गोल टोकाच्या टूलची) त्रिज्या ३ मिमी असते, आणि त्याहून कमी त्रिज्येच्या खोबणीत ते शिरतच नाही, म्हणून तिथला बारकावा फाइलमध्ये असला तरी लाकडात उतरत नाही. उठावाच्या कडांचे मात्र तसे नाही. त्या मोठ्या टूलनेही धारदार निघतात, त्यामुळे कारागिरांची भीती तेवढ्यापुरती अगदी रास्त आहे. मेशलॅब या मोफत प्रोग्रॅममधील क्वाड्रिक पद्धत सपाट भागातील त्रिकोण आधी काढते आणि कडांवरचे शक्यतो राखते. तिने त्रिकोण एकदशांश करून पाहावेत, फाइल ६४ एमबीची होईल. नंतर मूळ मेशशी अंतर अवश्य मोजावे. मी कमाल ०.०५ मिमी फरक चालवून घेतो, कारण पावसाळ्यात सागवान स्वतःच त्याहून अधिक फुगते.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र त्रिकोण कमी करण्यापूर्वी मेशमधील भोके बुजवावीत, उलटे त्रिकोण सरळ करावेत आणि तीन अक्षांच्या राउटरला वरून न दिसणारी मागची बाजू कापून टाकावी. रफिंगसाठी (सुरुवातीच्या ढोबळ कोरणीसाठी) २ लाख त्रिकोणांची वेगळी फाइल पुरते. तिचा मूळ मेशपासूनचा फरक फिनिशिंगसाठी राखलेल्या १ मिमी लाकडापेक्षा बराच कमी हवा, एवढेच पाहावे. दोन्ही फाइलींचा शून्यबिंदू एकच ठेवावा. एसटीएलमध्ये एकक नोंदलेले नसते, म्हणून फाइल उघडताच ४०० मिमीची लांबी एकदा मोजून घ्यावी.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मागची बाजू काढून त्रिकोण १२ लाखांवर आणले, तेव्हा फिनिशिंगचा टूलपाथ प्रथमच पूर्ण निघाला. सर्वाधिक फरक ०.०४ मिमी असून तो पाकळ्यांच्या कडांवर नाही, खोबणीच्या तळाशी आहे. कारागिरांना मूळ आणि नवी मेश शेजारी ठेवून दाखवली; त्यांच्या सांगण्यावरून केळफुलाचे टोक तेवढे २ मिमी बॉलनोजने वेगळे कोरणार आहोत.