पायरमाँट पूल: ट्रामच्या मोटरवर ८०० टन फिरतात कसे?

गिरगावकर
सिडनीचा पायरमाँट पूल १९०२ चा, पर्सी ॲलनने रेखलेला. मधला फिरता गाळा (बोटींना वाट द्यायला आडवा फिरणारा पुलाचा भाग) सुमारे ६८ मीटर लांब, वजन ८०० टनांच्या आसपास, आणि मोटर ट्रामची, ५० अश्वशक्तीची. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ मध्ये, म्हणजे हा पूल त्याच्याही आधीचा! एवढ्या मोटरने तो हलतो कसा? आणि हायड्रॉलिक (दाबाच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा) सोडून वीज का?

माझगाव फिटर
मोटर वजन उचलत नाही. गाळा मधल्या खांबावर दोन्हीकडे तोललेला असतो, त्यामुळे जोर लागतो तो घर्षणापुरता आणि जागचा हलवण्यापुरता. डीसी सिरीज मोटर उभी असतानाच सर्वांत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. आपल्या जुन्या १५०० व्होल्ट डीसी लोकल याच तत्त्वावर सुटायच्या. इथे ६०० व्होल्ट आणि ट्रामचा कंट्रोलर. करंट अडवणारा रेझिस्टन्स एकेक टप्प्याने काढायचा. हँडल एकदम ओढलं की करंट उसळतो, ब्रेकर पडतो, नाहीतर गिअरचा दात जातो. नीट चालवला तर पाऊण मिनिटात पूल उघडतो.

हायड्रॉलिकला, म्हणजे लंडनच्या टॉवर ब्रिजसारख्या (१८९४) व्यवस्थेला, बोट येवो न येवो, बॉयलर पेटता ठेवावा लागे. सिडनीत ट्रामसाठी बांधलेलं अल्टिमो पॉवरहाऊस जवळच होतं. वीज तिथूनच घेतली.

परळकर
फिटरदादांशी सहमत. पण फिरत्या पुलाची खरी परीक्षा टोकांशी असते. उघडा असताना दोन्ही टोकं अधांतरी, म्हणून किंचित झुकतात. बंद केल्यावर ती पाचर घालून उचलून टेकवली नाहीत, तर एका टोकावर जड गाडी चढताच दुसरं टोक उठतं आणि बेअरिंगवर आपटत राहतं. म्हणून क्रम ठरलेला: रहदारी बंद, फाटक, पाचरी मागे, खिट्टी उघडी, मग फिरवणं. पाचरी पूर्ण मागे गेल्याशिवाय मोटर सुरूच होऊ नये असा इंटरलॉक हवा.

गिरगावकर
आणि खांबावर गाळा ज्या रोलरवर फिरतो, ते निमुळते का करतात?

परळकर
गोल रुळावर रोलरची बाहेरची कड जास्त अंतर कापते. सरळ नळकांडं घातलं तर एक कड घसटत जाते आणि रूळ खाते. म्हणून शंकूचं टोक बरोबर पुलाच्या मध्यबिंदूकडे रोखलेलं असतं. खांब थोडा जरी एका बाजूला खचला, तरी मोजकेच रोलर सगळा भार घेतात.

माझगाव फिटर
उन्हाचंही धरा. ६८ मीटर पोलाद ३० अंशांनी तापलं की सुमारे २४ मिलिमीटर वाढतं, म्हणजे प्रत्येक टोकाला १२. फट कमी ठेवली की पूल अडकला. न्यूयॉर्कचा थर्ड ॲव्हेन्यू पूल जुलै २०१८ मध्ये असाच अडकला होता, पाणी मारून थंड करावा लागला.