पोर्तो आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर, मग बर्फ एकाच शहरात का?

प्रश्न (डिचोली)
माझा भाचा पोर्तुगालमधील पोर्तो येथे राहतो, तर मावसबहीण न्यूयॉर्कला. दोन्ही शहरे सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि दोन्ही समुद्रकाठीच आहेत. तरीही बहिणीकडून दर हिवाळ्यात बर्फाची छायाचित्रे येतात आणि भाचा मात्र डिसेंबर-जानेवारीत नुसत्या पावसाचे वर्णन करतो. पणजीत जानेवारीतल्या पहाटेही पारा वीस अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे आपल्याकडे बर्फ पडण्याचा प्रश्नच नाही. पोर्तोला मात्र रात्री पाच-सहा अंशांपर्यंत थंडी असते आणि पाऊसही भरपूर पडतो. समुद्र जवळ असला की बर्फ पडत नाही, असे म्हणावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (फोंडा)
मी बरीच वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे आणि हा प्रश्न मला फार आवडला. पहिली गोष्ट अशी की, पोर्तोवर हिवाळ्यात पडणारा पुष्कळसा पाऊस वर ढगात हिमकणांच्या रूपानेच तयार झालेला असतो. आपल्या पावसाळ्यातल्या उंच ढगांतही सुमारे पाच किलोमीटरांच्या वर हिमकण असतातच. ते खाली येताना शून्य अंशाची पातळी ओलांडतात आणि पुढच्या काही शे मीटरांत वितळून थेंब होतात. म्हणून शहरावर शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे, हेच पाहावे लागते. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पोर्तोत पाऊस चालू असताना जमिनीवर नऊ-दहा अंश असतील, तर ती पातळी साधारण दीड किलोमीटरवर येते. त्याच पोर्तुगालमध्ये १९९३ मीटर उंचीच्या सेरा दा एश्त्रेला डोंगरावर दर हिवाळ्यात बर्फ पडतो, तो याच कारणाने.

आता ही हवा उबदार का राहते ते पाहू. या अक्षांशांत वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. पोर्तो खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर असल्यामुळे तेथे पोहोचणारी हवा अटलांटिकवरून हजारो किलोमीटर प्रवास करून आलेली असते. तेवढ्याच वस्तुमानाच्या कोरड्या मातीपेक्षा पाणी एका अंशाने थंड होताना चार-पाच पट अधिक उष्णता सोडते. शिवाय लाटांमुळे वरचे व खालचे पाणी मिसळत राहते, म्हणून हिवाळ्यातही तेथील समुद्र तेरा-चौदा अंशांखाली फारसा जात नाही. न्यूयॉर्कलाही वारे पश्चिमेकडूनच येतात, पण ते कॅनडाच्या गोठलेल्या भूमीवरून. समुद्र दोन्हीकडे आहे, फक्त न्यूयॉर्कला तो वाऱ्याच्या पुढे आहे, मागे नाही.

प्रतिसाद २ (वास्को)
सरांचे विवेचन पटले. त्यात एका अनुभवाची भर घालतो. जहाजावर नोकरीला असताना मी जपानच्या होक्काइदो बेटावर हिवाळ्यात उतरलो आहे. सापोरो शहर समुद्रापासून जवळच आहे, तरी तेथे एका हिवाळ्यात एकूण सुमारे पाच मीटर बर्फ पडतो, आणि तो बर्फ समुद्रामुळेच इतका पडतो. सैबेरियाहून निघालेली हवा अतिशय थंड आणि कोरडी असते. जपानच्या समुद्रावर ती बाष्प घेते, पण अंतर काही शे किलोमीटरच असल्यामुळे ती पुरेशी गरम होण्याआधीच किनारा येतो. त्यामुळे समुद्र जवळ असणे हे कारण पुरेसे वाटत नाही. वारा कोठून निघाला आणि पाण्यावर किती काळ राहिला, हे विचारायला हवे.

प्रश्नकर्ता (डिचोली)
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ कधी कधी पांढरा थर दिसतो. तेथे होते, तर पोर्तोच्या एखाद्या थंड रात्री बर्फ का पडू नये?

प्रतिसाद १ (फोंडा)
वेण्णा तलावाजवळ दिसतो तो पडलेला बर्फ नव्हे, ते गोठलेले दव आहे. त्यासाठी निरभ्र आकाश आणि शांत हवा लागते. तेव्हा जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि गवताचे पाते शून्याखाली जाते, जरी डोक्याइतक्या उंचीवर हवा चार-पाच अंशांची असली तरी. हिमवृष्टीला याच्या उलट, ढग हवेत. पोर्तोसारख्या शहराची खरी अडचण हीच आहे: आकाश मोकळे होते तेव्हा थंडी वाढते, आणि ढग येतात ते समुद्रावरची ऊब घेऊनच येतात. या दोन्ही गोष्टी एका वेळी जुळून येणे दुर्मीळ असते. लिस्बनमध्ये २९ जानेवारी २००६ रोजी त्या जुळल्या. युरोपच्या भूभागावरची थंड हवा तेथवर उतरली असतानाच ढगही आले, आणि १९५४ नंतर प्रथमच त्या शहरात बर्फ पडला. आपल्या भाच्याला एकच सांगावे: पावसाळी ढगांच्या वेळी वारा समुद्राकडून न येता ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून, येऊ लागला आणि पारा एक-दोन अंशांवर उतरला, तर खिडकीपाशी उभे राहावे.