वय 17, आई-बापापासून कायद्यानं मोकळं होता येतं का?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, बारावीला. औंदा ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायच्या आधी माझं लग्न लावायचं ठरलंय, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो म्हणून. मला नर्सिंग करायचंय. अमेरिकेत म्हणे कोर्ट पोरांना आई-बापापासून मोकळं करतं. आपल्याकडं हाय का तसं?

वकील, अंबाजोगाई : ताई, तिकडं काही राज्यांत आहे. कॅलिफोर्नियात 14 वर्षांपासून अर्ज करता येतो, पण घरच्यांच्या संमतीनं वेगळं राहून स्वतःचा खर्च स्वतः भागवावा लागतो. आपल्याकडं ती सोय नाही, 18 पूर्ण होईपर्यंत पालक हे पालकच. मात्र लग्न थांबवायला त्याची गरजच नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली कोर्ट आधीच मनाई देऊ शकतं. बालकल्याण समितीपुढं तू स्वतः जाऊ शकतेस, राहायची सोयही तीच बघते. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

अंगणवाडी सेविका : पोरी, 1098 ह्या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लाव, पैसे लागत नाहीत. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. दहावीची सनद मैत्रिणीकडं ठेव. वयाचा कागद पहिला गायब होतो, मी बघितलंय.

प्रश्नकर्ती : पण दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जेल होईल का? ते वाईट नाहीत हो.

वकील : लग्न लागलं तर गुन्हा आहे. म्हणून आधीच कळव. समिती त्यांना बोलावते, समजावते, हमीपत्र लिहून घेते. तारीख ठरायची वाट बघू नकोस, उद्याच फोन कर.