निकेल-लोखंड सेल: स्टीलच्या जाळीवरचा माल सुटतोय आणि पाणी पिवळं पडतंय

माळरान_सौर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. जत तालुक्यात आमचं शेतघर आहे, दिवे सोलरवर चालतात. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आमच्याकडच्या उन्हाळ्यात फार टिकत नाहीत, म्हणून निकेल-लोखंडाचा सेल घरीच बनवायचा विचार आहे. नमुन्यादाखल एक सेल केलाय. दोन्हीकडे ३०४ ग्रेडची, १०० मेशची स्टीलची जाळी, १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा. पॉझिटिव्हला निकेल हायड्रॉक्साइड आणि ग्राफाइट पूड, निगेटिव्हला लोखंडाची बारीक पूड. दोन्ही लाकडाला लावायच्या पांढऱ्या गोंदात कालवून जाळीवर थापलं आणि वाळवलं. पाण्यात २५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. चार्जिंग १ अँपिअरने.

तळाला काळा गाळ साचतोय. पॉझिटिव्हच्या बाजूचं पाणी पिवळं होत चाललंय. दिवा जोडला की व्होल्टेज लगेच खाली येतं. जाळी आणखी बारीक घेतली तर क्षेत्रफळ वाढून करंट जास्त मिळेल का?

भोसरीचा_प्लेटर:

दादा, आधी त्या पिवळ्या पाण्याचं बघा, बाकी सगळं नंतर. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं. अल्कलीत, म्हणजे तुमच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात, पॉझिटिव्हला, त्यातही सेल भरून वायू सुटायला लागल्यावर, ते क्रोमेट होऊन पाण्यात उतरतं. आम्ही आयुष्यभर क्रोमच्या टाकीशेजारी उभे राहिलोय, तो पिवळा रंग लांबून ओळखतो. हे सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे कर्करोगाला आमंत्रण. विहिरीजवळ, शेतात, मोरीत कुठेही ओतू नका. झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरून ठेवा आणि ज्यांच्याकडे सांडपाणी प्रक्रिया आहे अशा एखाद्या प्लेटिंगवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या. हातमोजे घालूनच हात लावायचा. निकेल हायड्रॉक्साइडची पूडही नाकातोंडात जाऊ देऊ नका, मास्क लागतोच.

आता क्षेत्रफळ. बारीक जाळी म्हणजे जास्त क्षेत्रफळ असं सगळे धरून चालतात, पण जरा हिशेब करा. १०० मेश म्हणजे इंचाला १०० तारा, म्हणजे दर ०.२५४ मिमीला एक. तार साधारण ०.१ मिमीची. आडव्या-उभ्या सगळ्या तारांचा पृष्ठभाग मोजला तर एक चौरस सेंटिमीटर जाळीला सुमारे अडीच चौरस सेंटिमीटर भरतो. साध्या सपाट पत्र्याच्या दोन बाजू धरल्या तर दोन होतात. म्हणजे मिळकत चारआण्याची! आणि बारीक जाळीची तारही त्याच प्रमाणात बारीक होते, त्यामुळे हा आकडा फारसा हलत नाही. खरं क्षेत्रफळ पुडीच्या कणाकणात असतं. जाळीचं काम दोनच: माल धरून ठेवायचा आणि करंट गोळा करून बाहेर आणायचा.

तुमची जाळी माल धरत नाहीये, त्याला दोन कारणं. पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, अल्कलीत त्याचं विघटन होऊन तो सुटतो. दुसरं, १०० मेशचं भोक ०.१५ मिमीचं आणि तुमची लोखंडाची पूड त्याहून कितीतरी बारीक असणार. गोंद सुटला की ती भोकातून सरळ खाली.

व्होल्टेज पडतंय ते जाळीच्या तारांमुळे नाही. या जाळीच्या चौरस तुकड्याचा एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध सुमारे ०.०२३ ओहम येतो, १ अँपिअरला त्यात काही मिलिव्होल्टच जातात. माल आणि तार यांच्यामधली पकड ढिली झाली की तिथे व्होल्टेज खातं. म्हणून दाब लागतो. जाळीचं पाकीट करा, माल आत भरा, कडा दुमडून प्रेसखाली दाबा. एडिसनने बनवलेल्या जुन्या निकेल-लोखंड सेलमध्ये माल भोकं पाडलेल्या, निकेल चढवलेल्या स्टीलच्या खिशांत दाबून भरत, तेही याचसाठी.

रसायन_ताई:

दोन गोष्टी जोडते. पॉझिटिव्हमधलं ग्राफाइट तिथे हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि पाण्यात कार्बोनेट वाढतं. एडिसनलाही आधीच्या सेलमध्ये ग्राफाइटने दगा दिला होता. पुढे त्याने नळ्यांमध्ये निकेल हायड्रॉक्साइड आणि निकेलच्या पातळ पापुद्र्यांचे आळीपाळीने थर भरले, आणि सुधारलेले सेल १९०९ च्या सुमारास बाजारात आले. तुम्हाला निकेलची पूड मिळाली तर तीच मिसळा. हवेतला कार्बन डायऑक्साइडही कार्बोनेट करतो, म्हणून पाण्यावर लिक्विड पॅराफिनचा पातळ थर ठेवा, मात्र वायूला बाहेर पडायला वाट हवी. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, खोलीची खिडकी उघडी ठेवा.

माल सुटू नये म्हणून बाहेरून कापडी पिशवी घालणार असाल तर पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड घ्या. पॉलिस्टर कडक अल्कलीत टिकत नाही.

माळरान_सौर:

काका, ताई, मनापासून आभार. पाणी कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवलंय. जाळीवर निकेल चढवून घेतली तर पॉझिटिव्हला चालेल का? गावाकडे शुद्ध निकेलची जाळी मिळणं अवघड आहे. आणि वायर कुठे जोडायची? सध्या एका कोपऱ्याला क्रोकोडाइल क्लिप आहे.

भोसरीचा_प्लेटर:

चालेल असं मी म्हणणार नाही. स्टेनलेसवर निकेल सरळ धरत नाही, पापुद्रा सुटतो. आधी निकेल क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची स्ट्राइक, म्हणजे पकड धरणारा पहिला पातळ थर, मारावी लागते, मग साधं निकेल. ते घरी करू नका, धूर वाईट असतो. आणि चांगल्या प्लेटिंगलाही सूक्ष्म भोकं राहतात, विशेषतः तारा एकमेकींवरून जातात तिथे. तिथून क्रोमियम पुन्हा उतरेल. पॉझिटिव्हपुरती शुद्ध निकेलची जाळी नाहीतर निकेल फोम, म्हणजे स्पंजासारखं सच्छिद्र निकेल, मागवा. निगेटिव्हला तुमची स्टीलची जाळी खुशाल वापरा, त्या बाजूला ती शाबूत राहते.

क्लिप काढा. कोपऱ्यातून करंट घेतला की जाळीतला तोटा तीन-चार पट होतो, शिवाय क्लिपमधलं तांबं ओलं झालं तर विरघळून सेलमध्ये जातं. वरच्या पूर्ण कडेला निकेलची पट्टी ठेवा, थोड्या थोड्या अंतरावर स्पॉट वेल्ड मारून घ्या आणि पट्टीचं टोक पाण्याच्या बरंच वर काढा. बॅटरी पॅक जुळवणाऱ्याकडे स्पॉट वेल्डिंगचं मशीन असतं. फक्त पट्टी शुद्ध निकेलची आहे का ते तपासा, कारण निकेल चढवलेली स्टीलची पट्टीही तशीच दिसते आणि चुंबक दोन्हींना चिकटतं. कानशीने ओरखडा मारून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. गंज दिसला तर दुकानदाराला परत करा.