द्राक्षबागेसाठी मिनी ट्रॅक्टर: नवा घ्यावा की पाच वर्षं चाललेला?

मांडवाखाली (दिंडोरी)

नमस्कार मंडळी. आमची चार एकर द्राक्षं. तीन एकर वायवर (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर), नऊ बाय पाच फुटांची लागण, आणि एक एकर सासऱ्यांच्या वेळचा जुना मांडव. हा मांडव इतका खाली आलाय की मी स्वतः मान तिरकी करून चालते, त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरचा विषयच नाही. जमीन कादवेकाठची काळी. पाऊस झाला की चप्पल मागे राहते आणि पाय पुढे येतो.

आजवर फवारणी भाड्याच्या ब्लोअरवर (ट्रॅक्टरमागच्या पंख्याच्या फवारणी यंत्रावर) चालली. मागच्या हंगामात बाग दोडा अवस्थेत (फुलोऱ्याच्या आधी) असताना दोन दिवस पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उघडला. साडेचारला उठून गावातल्या तिन्ही ब्लोअरवाल्यांना फोन लावले. एकाने उचललाच नाही. दुसरा म्हणाला, "वहिनी, तुमच्या आधी सात जण आहेत." तिसऱ्याचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्याच बागेत रुतून बसलेला. आमचा नंबर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर डाऊनीने (ओलीत पसरणाऱ्या बुरशीने) तिचं काम उरकलं होतं. सव्वा एकरातले घड हाताने खुडून पाट्या भरल्या आणि बांधावर ओतल्या. तेव्हाच ठरवलं, पुढच्या छाटणीला ट्रॅक्टर दारात पाहिजे.

चालवणार मीच. मिस्टर सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. गेल्या वर्षी भावाच्या ट्रॅक्टरवर हात बसवून घेतलाय.

आता प्रश्न असा. शोरूमला २४ एचपीचा नवा फोरव्हील (चारही चाकांना ओढ असलेला) ५ लाख ९० हजार सांगितलाय, ब्लोअरचे पैसे वेगळे. आणि निफाडकडे एकाचा त्याच ताकदीचा, त्याच कंपनीचा पाच वर्षांचा फोरव्हील आहे. पहिलाच मालक, त्यांची पाच एकर बाग, मीटरवर ११४० तास, सोबत ६०० लिटरचा ब्लोअर. दोन्ही मिळून ४ लाख म्हणतात. "ताई, चाललाय कुठे, उभाच असतो," असं मालकांचं म्हणणं.

घरात दोन पक्ष झालेत. नाना (सासरे) म्हणतात, "बैलाची खोड बाजारात दिसत नाही, दावणीला बांधल्यावर कळते. घ्यायचा तर नवा घ्या." मिस्टर म्हणतात, हप्ता नाना नाही भरणार. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय. जुना बघायला गेले तर नेमकं बघू काय? टायर आणि रंग सोडून मला काही कळत नाही.

हिशोबी

ताई, चार एकराला स्वतःचा ट्रॅक्टर म्हणजे पांढरा हत्ती. भाड्याचे दर काढा, हप्ता काढा, व्याज काढा. भाडं स्वस्त पडतं.

मांडवाखाली

दादा, तो हिशोब वहीत मांडून झालाय आणि भाडं स्वस्तच पडतं. पण त्या वहीत पाऊस उघडल्यानंतरचा दीड दिवस कुठल्या रकान्यात लिहू, ते सांगा.

पाना_१२_१३ (पिंपळगाव)

ताई, मी अठरा वर्षं ट्रॅक्टर खोलतोय, त्यातले निम्मे द्राक्षातले मिनी. नवा-जुना नंतर बघू. आधी त्या ११४० तासांचं बघू.

चार एकराची एक फवारणी म्हणजे पाणी भरण्यासकट तीन-सव्वातीन तास. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत आपल्याकडे पन्नास फवारण्या कुठे गेल्या नाहीत, एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या वीस-पंचवीस धरा. झाले अडीचशे तास. वर रोटाव्हेटर, खत, किरकोळ ओढाओढ. पाच एकरवाल्याचा ट्रॅक्टर वर्षाला सव्वातीनशे-साडेतीनशेच्या खाली राहत नाही. पाच वर्षांचे सतराशे तरी झाले. मग मीटर ११४० का दाखवतंय? त्याने बाग भाड्याच्या माणसाकडून फवारून घेतली, किंवा मीटर मधे बंद होतं. तोंडावर विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघा.

सतराशे तास म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. ब्लोअरचा तास आणि रोटाव्हेटरचा तास सारखा नसतो. ब्लोअरवर इंजिन एका लयीत चालतं, पीटीओला (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याला) मिनिटाला ५४० फेरे धरून, गिअरबॉक्सला फार मार बसत नाही. भाड्याने रोटाव्हेटर मारून हजार तास झालेला ट्रॅक्टर मला दाखवला तर मी त्यापेक्षा दोन हजार तासांचा ब्लोअरवाला घेईन.

बागेतल्या ट्रॅक्टरचं दुखणं वेगळ्या जागी असतं. बोर्डो (मोरचूद-चुना) आणि बाकीच्या औषधांचा फवारा पाच वर्षं अंगावर घेतलेला असतो. सीट उचलून खालचा पत्रा बघा. वायरिंगचे जोड बघा, तांबं हिरवं पडलं असेल तर आज ना उद्या भर फवारणीत सेल (स्टार्टर) मारल्यावर नुसतं टक् होईल. रेडिएटरच्या जाळीत बॅटरीचा उजेड मागून टाका. पलीकडून दिसला नाही तर जाळी बुजलीय आणि इंजिन गरम होऊन चाललंय.

आता इंजिन. सकाळी लवकर जा आणि बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर चहा पिऊन घरी या, दुसऱ्या दिवशी न सांगता जा. थंडगार इंजिन किती सेलमध्ये उठतं ते खरं. उठताना पांढरा धूर येऊन मिनिटभरात विरला तर घाबरू नका. निळा येत राहिला तर ऑइल जळतंय. ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीसमोर तळहात धरा, इंजिन चालू असताना तिथून फक् फक् धूर मारत असेल तर रिंगा गेल्या. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, आत तेलाची साय नको.

लिफ्ट: मागे रोटाव्हेटर अडकवून वर उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं गप्पा मारा. चार बोटं उतरला तर चालतं. टेकला तर हायड्रॉलिकचं काम निघालं.

फोरव्हीलला पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवा. चिखल आणि तेल मिळून काळा लगदा लागला तर सील गेलीत. चारही टायरवरचा नंबर वाचा. पुढे कुणी स्वस्तात वेगळ्या मापाचे टाकले असतील तर फोरव्हील टाकल्यावर पुढचे गिअर ओढाताणीत खातात. डांबरीवर फोरव्हील चालू राहिला तरी तीच ओढाताण, म्हणून ड्रायव्हरला सहज विचारा, डांबरीवर फोरव्हील काढतो (बंद करतो) का? निम्मे काढत नाहीत.

माणिकचमन (तासगाव)

ताई, मी नवा घेतला त्यामुळे माझं ऐकून ठेवा, पटलं तर बघा. आम्ही महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केला होता. अनुदान नव्यालाच आहे, जुन्याला एक रुपया नाही. तुमच्या नावावर सातबारा असेल तर अर्ज तुमच्याच नावाने टाका, महिला शेतकऱ्याला टक्का जास्त आहे. पण पूर्वसंमतीचं पत्र हातात पडल्याशिवाय शोरूमला पैसे भरायचे न्हाईत. आमच्या पाहुण्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर आधी ट्रॅक्टर आणला, हार घातला, मग अर्ज टाकला. हार तेवढा पदरात पडला. आणि पत्र कधी येईल ते तुमच्या हातात नसतंय, छाटणीची तारीख मात्र असतीया. आमचा एक हंगाम वाट बघण्यातच गेला.

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. तुमचा ५ लाख ९० हजारांचा ट्रॅक्टर जुन्या दराने ६ लाख २९ हजारांना पडला असता. म्हणजे नव्याचीच किंमत चाळीसेक हजारांनी खाली आली. जुना विकणारा मनात अजून जुनाच आकडा धरून बसलेला असतोय. त्याने भरलेला कर तुम्ही कशाला भरताय? तेवढे तरी पाडून मागा.

पाना_१२_१३

कागदांचं राहिलं. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का बघा. "हप्ते फिटलेत" हे तोंडी चालत नाही. फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि नाव चढवायला फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या लागतात. स्टँप पेपरवर लिहून घेऊन ट्रॅक्टर आणला आणि मालक तीन वर्षं सहीला सापडला नाही, असे दोन ट्रॅक्टर माझ्या गॅरेजसमोरूनच जातात.

मांडवाखाली

जाऊन आले. दोनदा.

पहिल्या दिवशी साडेसहाला पोचले तर बॉनेट भाकरीच्या तव्यासारखं. म्हणे, आत्ताच पाण्याची टाकी भरून आणली. टाकी कोरडी होती, मी आत वाकून बघितलं. चहा पिऊन परत आले.

दोन दिवसांनी न कळवता गेले, सोबत भाऊ. मालक घरात नव्हते, त्यांच्या आई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बघ की बाई, तुलाच चालवायचा ना?" चावी खुंटीलाच होती. तिसऱ्या सेलला उठला. पांढरा धूर, मी मनात आकडे मोजले, चाळीसपर्यंत गेला. ब्रीदरसमोर हात धरला, कोमट हवा, धूर नाही. सीटखालचा पत्रा मात्र निळाहिरवा, आणि एक वायर तर नखाने ओढली तशी हातात आली. रोटाव्हेटर दहा मिनिटांत तीन बोटं उतरला. डाव्या पुढच्या चाकाला तो काळा लगदा. टायर चारही मूळ मापाचे.

तोवर मालक आले. मी सरळ म्हणाले, "अण्णा, पाच एकर बाग, पाच वर्षं, आणि ११४० तास कसे हो?" ते माझ्याकडे बघेचनात, कुंपणाकडे बघत राहिले. त्यांच्या आईच मागून बोलल्या, "अरे, उंदराने वायर खाल्ली होती ते सांग की तिला." मीटर दीड वर्ष बंद! मग मात्र अण्णांनी वही आणली, डिझेलची. त्यावरून सोळाशेच्या आसपास निघाले. खोटं धरायचं का विसरलं म्हणायचं, ते मी सोडून दिलं. वही दाखवली हे मला पुरलं.

४ लाखांवरून सुरुवात, मी ३ लाख २५ हजार म्हणाले. वायरिंग, सील आणि जीएसटी, तिन्ही पत्ते टाकले. ३ लाख ५५ हजारांवर सौदा ठरला, सील अण्णा बदलून देणार, वायरिंग मी करून घेणार. आरसीवर फायनान्सचा बोजा निघालाच. हप्ते खरंच फिटलेत, पण एनओसी आणायला कुणी गेलंच नाही. ११ हजार इसार दिलाय, बाकीचे पैसे एनओसी आणि सह्या आल्यावर. माणिकचमनदादा, नव्यासाठी थांबले असते, पण पत्राच्या भरवशावर अजून एक छाटणी काढायची छाती नाही.

नाना अजून बोलत नाहीत. पण काल गोठ्याचं अर्धं छप्पर मोकळं करून ठेवलंय, आणि उंची काठीने मोजून घेतली.

आता एकच अडचण. क्लच मला लांब पडतो. पूर्ण दाबायला सीटवरून अर्धी खाली सरकावं लागतं, आणि त्या घाईत स्टिअरिंग हलतं. भाऊ म्हणतो पेडलला लाकडाचा ठोकळा बांधून देतो. चालेल का?

पाना_१२_१३

ठोकळा अजिबात नको, चिखलाच्या पायाने घसरतो आणि पेडलखाली अडकतो. सीटच्या पट्टीचे बोल्ट सोडा, पुढे दोन रिकामी भोकं दिसतील, तिथे घ्या. बोल्ट गंजलेले असणार, आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. तरी लांब पडला तर पाठीला जाड उशी शिवून घ्या, आणि क्लचचं फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) तपासायला ट्रॅक्टर माझ्याकडे आणा. आणताना डांबरीवर फोरव्हील काढून.